चित्रातला जास्तीचा माणूस

ओबेड हॅस्कलचा नियम असा होता, की चित्र एकदाच बघायचं. गुरुवारी सकाळी पेपरवाल्यांसाठी दालन उघडतं तेव्हा जायचं, खिडकीतला उजेड चांगला असतो तेवढ्या वेळात बघून घ्यायचं, खोलीवर येऊन लिहायचं, आणि मग त्या चित्राकडे जन्मात फिरकायचं नाही. दुसऱ्यांदा पाहिलं की माणूस सवयीने खूश होतो, असं त्याचं म्हणणं. आणि सवयीने खूश होऊन लिहिणारे बॉस्टनमध्ये पैशाला पासरी होते.

दुसरा नियम पहिल्याहून कडक. चित्रकाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. जेवणाची आमंत्रणं नाकारायची. नाताळला कोणी हौसेने एखादं छोटं रेखाचित्र पाठवलं तर पुढच्या डाकेने परत करायचं. रस्त्यात गाठ पडलीच तर हॅटला हात लावून पुढे चालू लागायचं. संध्याकाळच्या पेपरात अठ्ठावीस वर्षं त्याने हे पाळलं, आणि त्याचं फळ त्याला मिळालं. बॉस्टनमध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि नाताळच्या दिवशी त्याला जेवायला बोलावणारं एकही घर नव्हतं. तो हे कधी बोलून दाखवत नसे. पण एकटेपणा त्याला खात होता, आणि दर वर्षी थोडा जास्त खात होता.

राहायला तो मिसेस क्विग्लीच्या खानावळीत होता, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. जेवणाच्या टेबलाला त्याची जागा शेवटची. तो खाली उतरला की बाकीच्या बिऱ्हाडकरूंच्या गप्पा मंदावत. आदल्या दिवशी पाहिलेल्या नाटकाची कोणी तारीफ करत असेल तर तो बोलणारा घाईघाईने बटाट्याकडे वळे. उगाच हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी नाश्त्याला मिसेस क्विग्लीने त्याच्या ताटाशेजारी एक कार्ड आणून ठेवलं.

"तुमचं टपाल, मिस्टर हॅस्कल. आणि तो पाव आज जरा करपलाय. पण मेहरबानी करा आणि पेपरात लिहू नका."

टेबलावरचे सगळे हसले. ओबेडही हसला असता, पण तोवर त्याने कार्ड वाचलं होतं. 'दिवंगत सायलस ब्रॅकेट यांची चित्रे. पेपरवाल्यांसाठी गुरुवार, १७ ऑक्टोबर, सकाळी दहा.' खाली कोपऱ्यात शाईने, बारीक अक्षरात: 'याल ना? हॅना.'

"काय झालं हो? कोणी गेलं का?" मिसेस क्विग्लीने विचारलं.

"एक चित्रकार."

"ओळखीचा?"

"नाही," ओबेड म्हणाला, आणि करपलेला पाव मुकाट्याने खाऊन टाकला.

हे खोटं होतं. सायलस ब्रॅकेटइतकं ओळखीचं त्याला जगात दुसरं कोणी नव्हतं.

तिशीच्या आत असताना दोघं एकाच माळ्यावर चित्रं काढत. खाली शिडांचं कापड शिवणारा कारागीर होता, त्याच्या डांबराचा वास वर यायचा. तीनच वर्षांत ओबेडच्या ध्यानात आलं, की आपल्याला डोळा आहे, हात नाही. सायलसला हात होता. त्याने साधी किटली काढली तरी ती आत्ताच कोणीतरी चुलीवरून उतरवली आहे असं वाटायचं. ओबेडने ब्रश ठेवून दिले आणि लिहायला लागला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण त्याने ते कोणाला कळू दिलं नाही.

सायलस आणि त्याची बहीण हॅना चार्ल्सटाउनला एका लहानशा घरात राहत. शनिवारी काकवीत शिजवलेला घेवडा आणि काळा पाव, जसा त्या गावात घरोघरी असतो तसा. ओबेड दर शनिवारी जायचा. जायचा म्हणजे काय, दारात उभा राहायचा. डोक्यावर हॅट तशीच, काखेत कागदांचं बाड, डावा खांदा उतरलेला. "थांबत नाही, सहज डोकावलो," असं म्हणायचा आणि तासभर तिथेच चौकटीला टेकून बोलत राहायचा. हॅना त्याचं ताट वाढून ठेवायची. कधी तो उभ्यानेच खायचा, कधी खायचाही नाही.

पेपरात नोकरी लागली तेव्हा त्याने सायलसला सरळ सांगून टाकलं. एक घाव दोन तुकडे.

"आता मला तुझ्याकडे येता येणार नाही."

"का रे बाबा?"

"उद्या तुझ्या चित्रावर लिहायची वेळ आली, तर लोक म्हणतील हा त्याच्या घरी जेवतो."

"अरे, घेवडा खाऊन कोणाचं मत विकलं जातं?"

"आज घेवडा. उद्या आणखी काही."

"उद्याही घेवडाच," सायलस म्हणाला. "रविवारी आमच्याकडे शनिवारचाच उरलेला असतो."

तो हसत होता. त्याला वाटलं, महिन्याभरात खूळ उतरेल. ओबेडचं खूळ उतरलं नाही.

दोन वर्षांनी, अठराशे शहाऐंशी साली, सायलसने आपलं सगळ्यात मोठं चित्र शरद ऋतूच्या प्रदर्शनात लावलं. नाव होतं 'शुक्रवारचा घेवडा'. स्वयंपाकघर. उद्यासाठी भिजत घालायचा घेवडा निवडत बसलेली एक बाई. तिने मान वर केलेली. पलीकडे उघडं दार, आणि दारात एक माणूस, तोंडावर सावली. गुरुवारी ओबेडने ते पाहिलं, शुक्रवारी संध्याकाळी ते छापून आलं. त्याने लिहिलं होतं: 'हात उत्तम आहे. पण ह्या चित्रात एक माणूस जास्त आहे. दारातला हा गृहस्थ आत येत नाही, बाहेर जात नाही, हॅटही काढत नाही. तो नसता तर ही बाई आपल्या काळजाला भिडली असती.'

शनिवार वॉर्निशचा दिवस. प्रदर्शन सोमवारी उघडण्याआधी चित्रकार शिड्या घेऊन येतात, आपापल्या चित्रांवर वॉर्निशचा हात फिरवतात, राहिलंसाहिलं दुरुस्त करतात. त्या दिवशी पेपरवाले पायरी चढत नाहीत. ओबेड तर नाहीच. त्यामुळे सायलसने त्या शनिवारी काय केलं हे त्याला कधी कळलं नाही. पुढच्या वसंतात सायलस बहिणीला घेऊन उत्तरेला मेन राज्याच्या किनाऱ्यावर निघून गेला आणि होड्यांवर नावं रंगवून पोट भरू लागला, एवढंच कानावर आलं. बॉस्टनमध्ये लोक म्हणाले, हॅस्कलच्या लेखाने घालवला. ओबेडने स्वतःची समजूत घातली, की आपण खरं तेच लिहिलं. खरं तर होतंच. पण शनिवार आला, की त्याला मिसेस क्विग्लीचा घेवडा घशाखाली उतरत नसे.

गुरुवारी दहाला दहा मिनिटं असताना तो दालनाशी पोचला.

आत मोजकीच माणसं होती. सकाळच्या पेपरातला तरुण प्रेंटिस वहीत लिहीत होता. चित्रांची डागडुजी करणारा लिंडक्विस्ट नावाचा स्वीडिश म्हातारा आपली पेटी उघडून बाटल्या मांडत होता. आणि भिंतीशी खुर्चीवर काळ्या पोशाखात हॅना. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र तशीच ताठ. ओबेडने हॅटला हात लावला. तिने मान हलवली. इतक्या वर्षांनी एवढंच.

पहिल्या दोन भिंतींवर होड्या, धुकं, वाळत घातलेली जाळी. सुरेख होतं सगळं, आणि ते कोणी पाहिलंच नव्हतं. हा माणूस दोन तपं चित्रं काढत होता आणि भिंतीकडे तोंड करून ठेवत होता.

तिसऱ्या भिंतीवर 'शुक्रवारचा घेवडा' होतं.

ओबेड तिथे गेला आणि थबकला. दारात माणूस नव्हता. दार उघडं, बाहेर फिकट संध्याकाळ, आणि ती बाई घेवड्यात हात ठेवून त्या रिकाम्या दाराकडे बघत होती.

"हे बघितलंत, मिस्टर हॅस्कल?" प्रेंटिस शेजारी येऊन उभा राहिला. "काय चित्र आहे! दार रिकामं आहे म्हणून एवढं मोठं झालंय. कोणीतरी यायचं आहे आणि येत नाही. ह्या माणसाला सव्वीस वर्षांपूर्वी हे सुचलं, कमाल आहे! तो डाग तेवढा नको होता."

"कुठला डाग?"

"तो काय, दाराच्या डाव्या अंगाला."

ओबेडने चष्मा पुसला. डाव्या अंगाला, संध्याकाळच्या फिकट उजेडात, काहीतरी करडं होतं. जितकं बघावं तितकं ते माणसासारखं दिसू लागलं.

"डाग नाही तो," लिंडक्विस्ट मागून म्हणाला. "पांढरा रंग तो. तरुण असतो तेव्हा सगळं झाकतो. म्हातारा झाला की त्याच्यातून पलीकडचं दिसायला लागतं. खाली कोणीतरी आहे. हळूहळू वर येतोय बिचारा. शनिवारी एक हात मारला की पुन्हा पन्नास वर्षं गप्प बसेल."

प्रेंटिस मान डोलावून पुढे गेला. ओबेड तिथेच उभा राहिला. म्हणजे सायलसने त्याचं ऐकलं होतं. शुक्रवारी वाचलं आणि शनिवारी वॉर्निशच्या ब्रशाऐवजी पांढऱ्या रंगाचा ब्रश उचलला. त्याने पुन्हा त्या करड्या आकृतीकडे पाहिलं. हॅट. काखेत बाड. डावा खांदा उतरलेला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांतली बोटंसुद्धा मोजणाऱ्या ह्या माणसाला चित्रातला स्वतःचा खांदा ओळखता आला नव्हता. कसा येणार? तो स्वतःला कधी त्या स्वयंपाकघरातून दिसलाच नव्हता.

"ओळखलंत?" हॅना शेजारी आली होती.

"आत्ता ओळखलं."

"आत्ता?" तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "ओबेड, खरं सांगा. तेव्हा ओळखलं नव्हतं?"

"देवाशपथ नाही."

हॅना शेजारची खुर्ची ओढून बसली.

"आम्हाला वाटलं, तुम्ही ओळखूनच लिहिलंत. म्हटलं, हा सांगतोय आम्हाला, तुमच्या घरात मला मोजू नका. सायलसने तो पेपर मला वाचून दाखवला. म्हणाला, 'चित्राबद्दल ओबेडचं बरोबर आहे. मग आपल्याबद्दलही बरोबर असेल.' आणि शनिवारी गेला आणि तुम्हाला पुसून आला."

"मला एक ओळ तरी लिहायचीत."

"तुम्ही डाकेने आलेलं परत करता, असं ऐकून होतो."

ओबेडने चष्मा काढून पुन्हा पुसला.

"तुमच्याबद्दल तो वाईट कधी बोलला नाही," हॅना पुढे म्हणाली. "बोलला असता तर बरं झालं असतं. मी बोलायचे. होड्यांच्या गावात माझं ऐकायला दुसरं होतंच कोण? तीन वर्षांपूर्वी हा डाग पहिल्यांदा दिसला. सायलस हसून म्हणाला, 'बघ, आला. थांबत नाही म्हणेल.'" ती रुमालाने डोळे टिपत होती आणि ते लपवत नव्हती. "आता हे लिंडक्विस्ट विचारतायत, झाकू की ठेवू. सायलस असता तर त्यानेच ठरवलं असतं. मला चित्रातलं कळत नाही. तुम्हाला कळतं. तुम्ही सांगा."

ओबेडने चित्राकडे पाहिलं. त्याला उत्तर माहीत होतं. तीच तर खरी पंचाईत होती. माणूस जास्त होता. तेव्हाही होता, आजही होता. कालचं पोर प्रेंटिस, पण त्यालाही ते कळलं होतं. दार रिकामं असण्यातच त्या चित्राचा जीव होता, आणि ओबेड हॅस्कलने अठ्ठावीस वर्षांत चित्राच्या हिताविरुद्ध एक शब्द लिहिला नव्हता. झाका, म्हणायचं. दोन अक्षरं. आणि मग जगात जिथे कुठे तो एकदा कोणाच्या घरात उभा होता, तिथूनही तो जाणार होता, ह्या खेपेला स्वतःच्या तोंडाने.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," तो म्हणाला.

"पेपरातच वाचेन मी. मागेही तुम्ही तसंच कळवलं होतं."

त्याने खोलीवर येऊन लिहायला घेतलं. होड्यांवर भराभर लिहून झालं. धुक्यावर झालं. घेवड्यापाशी लेखणी अडली. दुपार कलली, खाली मिसेस क्विग्लीची भांडी वाजायला लागली, कोणीतरी जिन्यात हसत हसत वर गेलं आणि त्याच्या दारापाशी येताच गप्प झालं. रोज तसंच व्हायचं. त्या दिवशी मात्र ओबेडला ते सहन झालं नाही. तो टेबलावर डोकं ठेवून रडला, साठी उलटलेला माणूस, आणि मग तोंड धुऊन त्याने उरलेलं एका दमात लिहून काढलं.

संपादक पिकरिंगने दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, हे परीक्षण आहे की पत्र?"

"दोन्ही. छापा."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. अजून मला कोणी हसलेलं नाही, तेवढं राहून गेलंय."

पिकरिंगने छापलं. शुक्रवारी संध्याकाळी बॉस्टनने वाचलं ते असं:

'सव्वीस वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, की ह्या चित्रात एक माणूस जास्त आहे. माझं मत आजही तेच आहे. चित्रकाराने तो झाकला आणि चित्र सुधारलं. आता तो पुन्हा वर येतो आहे आणि चित्र पुन्हा थोडं बिघडतं आहे. तो माणूस मी आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ज्या घरातलं हे दार आहे त्या घरासारखं घर मला पुढे मिळालं नाही. तो झाकू नये, राहू द्यावा, अशी माझी विनंती आहे. ह्या विनंतीला कलेचा काहीही आधार नाही.'

शनिवारी, म्हणजे वॉर्निशच्या दिवशी, ओबेड हॅस्कल आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी चढला.

वॉर्निशचा वास जिन्यापर्यंत आला होता. दालनाच्या दाराशी येऊन तो थांबला. तिसऱ्या भिंतीपुढे शिडी होती आणि शिडीवर लिंडक्विस्टची रुंद पाठ. चित्राचा उजवा कोपरा तेवढा दिसत होता. टेबल, घेवडा, बाईचा हात. म्हाताऱ्याचा ब्रश डाव्या अंगाला संथपणे वरखाली होत होता. ओबेडला पुढे जाववेना. त्याला वाटलं, उशीर झाला. पेपर ह्यांच्यापर्यंत पोचलाच नसेल. किंवा पोचला असेल आणि हॅनाने ठरवलं असेल, की ज्याचं चित्र त्याचं ऐकायचं.

मग लिंडक्विस्ट एक पायरी उतरला, मागे झुकून आपलं काम बघू लागला. वॉर्निशने सगळं चित्र ओलं चमकत होतं. आणि ओल्या चित्रात, परवापेक्षा कितीतरी स्पष्ट, दारात तो उभा होता. हॅट घालून.

हॅना परवाच्याच खुर्चीवर होती. मांडीवर पेपर घडी करून ठेवलेला. तिने मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. ती नजर ओबेडने सव्वीस वर्षांपूर्वी एकदा पाहिली होती, आणि तिच्याबद्दल लिहायचं सोडून भलतंच काहीतरी लिहिलं होतं.

"आत या, ओबेड," ती म्हणाली. "दारात उभं राहायची खोड काही गेली नाही तुमची."

तो चौकटीतच होता, काखेत कागदांचं बाड.

"मी उतरलेय तिथे घेवडा चुलीवर ठेवून आलेय," हॅना म्हणाली. "चित्रकार तर गेला. आता तरी जेवायला हरकत नसावी."

थांबत नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग त्याने हॅट काढली.